गार होईपर्यंत

सुरी मांडीच्या हाडाला टेकली आणि वास आला.

वरचं मांस उत्तम होतं. गडद लाल, कोरडं, हाताला गार. पण हाडालगत, खुब्याच्या सांध्यापाशी, हिरवट करडी छटा होती, आणि तिथून जो आंबूस दर्प उठला तो गॅरेजचं दार सताड उघडून, हात तीनतीनदा धुऊनही दोन दिवस नाकातून गेला नाही. एल्क हरणाच्या मादीची अख्खी मागची मांडी होती ती, हाडासकट पन्नास पाउंडांची. माझा शिकारीचा पहिला सीझन, पहिलं जनावर, आणि त्यातला एवढा मोठा वाटा मी कचऱ्यात टाकला.

आमच्या शेजारी एक निवृत्त गृहस्थ राहायचे. आयुष्यभर दर शरदात डोंगरात गेलेला माणूस. मी त्यांना बोलावलं. त्यांनी मांडी उचलून नाकाशी नेली आणि परत टेबलावर ठेवली.

“गोळी किती वाजता मारलीस?”

“संध्याकाळी साडेपाचला.”

“आणि कातडं कधी काढलंस?”

“दुसऱ्या दिवशी सकाळी.”

ते पुढे काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून थोडा वेळ तसेच उभे राहिले.

त्या रात्री डोंगरात पाणी गोठलं होतं. तंबूत ठेवलेल्या बाटलीत बर्फ झाला होता. मी जनावराचं पोट साफ केलं होतं, आतडी बाहेर काढली होती, आणि अंधार पडला, दमलो होतो, थंडी तर कडाक्याची आहे, मग उरलेलं सकाळी बघू, असा विचार करून झोपलो होतो. एल्कच्या अंगाचं तापमान अडतीस अंशांच्या वर असतं. त्याचे हिवाळी केस आतून पोकळ असतात, आणि ते कातडं पांघरून हे जनावर बर्फातला सगळा हिवाळा उघड्यावर काढतं. त्या कातड्यात गुंडाळलेली, वीतभर जाडीची मांडी एका रात्रीच्या थंडीला काय दाद देणार? बाहेर सगळं गोठत असताना ती आतल्या आत उबदार राहिली, आणि हाडापासून नासत गेली.

शिकारीचा सीझन पुरेपूर कसा वापरावा असं मला नवखी मंडळी अधूनमधून विचारतात. त्यांना बहुधा ऐकायचं असतं की रायफल कुठली घ्यावी, कुठल्या युनिटमध्ये, म्हणजे शिकारीसाठी आखलेल्या कुठल्या भागात जावं, नर कुठे सापडतील. मला ती मांडी आठवते. तिच्याआधी मी समजत होतो की सीझन म्हणजे गोळी. गोळीला एक सेकंद लागतो. बाकीचं सगळं तिच्या अलीकडे आणि पलीकडे असतं, आणि मी त्यातलं काहीच शिकलो नव्हतो.

आधी हे जनावर. एल्क म्हणजे मोठं हरीण, काश्मीरच्या हंगुलाच्या नात्यातलं. मादी पाचशे पाउंडांच्या घरातली, पूर्ण वाढलेला नर सातशेच्या आसपास, म्हणजे तीनशे किलोंच्या वर. मी जातो तो भाग अमेरिकेतल्या कोलोराडो राज्याच्या वायव्येचा, फ्लॅट टॉप्सचा. नावाप्रमाणे माथा सपाट, दहा-अकरा हजार फुटांवर पसरलेली पठारं, खाली अॅस्पेनची झाडी आणि मधूनमधून स्प्रूसचं दाट, काळोखं रान. राज्यातला एल्कचा सर्वांत मोठा कळप या पट्ट्यातला आहे.

मराठीत ‘शिकार’ म्हटलं की संस्थानिक आठवतात, मचाण आठवतं, मेलेल्या वाघावर पाय ठेवून काढलेला फोटो आठवतो. त्या शिकारीची भलामण मला करायची नाही. आणि तसल्या बेबंद शिकारीचा फटका एल्कनाही बसला होताच. बाजारात मांस आणि कातडी विकण्यासाठी एकोणिसाव्या शतकात इतकी कत्तल झाली की पूर्वेकडचा एल्क कायमचा नाहीसा झाला, आणि कोलोराडोतही विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढेच कळप उरले. १९१३-१४ मध्ये यलोस्टोनहून एल्क आणून एस्टेस पार्कच्या खोऱ्यात सोडावे लागले. आज राज्यात अडीच लाखांहून जास्त एल्क आहेत, अमेरिकेतल्या दुसऱ्या कुठल्याही राज्यापेक्षा अधिक. हे आपोआप झालेलं नाही. १९३७ चा पिटमन-रॉबर्टसन कायदा रायफली आणि काडतुसांवरचा ११ टक्के कर राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे वळवतो. शिवाय टॅगचे पैसे असतात. मी काडतुसांचा डबा विकत घेतो तेव्हा त्यातला काही भाग या जनावरांच्या कुरणांकडे जातो, हे मला माहीत असतं, आणि ते माहीत असणं मला महत्त्वाचं वाटतं.

टॅग म्हणजे परवाना आणि जनावरावर लावायची चिठ्ठी. कुठलं जनावर, नर की मादी, कुठलं युनिट, कुठला सीझन, सगळं त्यावर ठरलेलं. रायफलीचे चार सीझन असतात, ऑक्टोबरच्या मध्यापासून नोव्हेंबरपर्यंत. पहिला पाच दिवसांचा, दुसरा थोडा मोठा. मादीचे टॅग मोजकेच आणि सोडतीने मिळतात, कारण कळप वाढवायचा की आवरायचा हे मुख्यतः माद्यांच्या संख्येवर अवलंबून असतं. अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला. नंबर लागला नाही तर एक पॉइंट जमा होतो, आणि पुढच्या वर्षी तुमचा हक्क तेवढा वर सरकतो.

इथे माझं एक ठाम मत आहे. पॉइंट साठवत बसून दहा-पंधरा वर्षांनी एकदा कुठल्याशा नामांकित युनिटमध्ये जाणारे लोक आहेत. दरवर्षी नवी जागा धुंडाळणारे आहेत. मला दोन्ही पटत नाही. साधं, सहज मिळणारं युनिट घ्यावं आणि त्यातल्या एकाच खोऱ्यात वर्षानुवर्षं जावं. पहिल्या वर्षी ते खोरं तुम्हाला नुसता नकाशा असतो. तिसऱ्या वर्षी कळतं की पहाटे कळप कुठल्या कुरणावर असतो. पाचव्या वर्षी कळतं की पहिल्या दिवशीचे बार झाले की तो कुठल्या खिंडीतून निघून जातो आणि दिवसभर कुठे दडतो. दर वर्षी खोरं बदलणाऱ्याचा दर सीझन पहिलाच असतो.

त्या खोऱ्यात मी जुलैत जातो, रायफल न घेता. अॅस्पेनच्या पांढऱ्या बुंध्यांवर माणसाच्या छातीएवढ्या उंचीपर्यंत काळे खरखरीत व्रण दिसतात. हिवाळ्यात एल्कनी दातांनी साल खाल्ल्याच्या खुणा. ओल्या जागी लोळून केलेले चिखलाचे खड्डे असतात, आणि जवळ गेलं की गोठ्यासारखा उग्र वास येतो. उतारांवर वाटा असतात, इतक्या मळलेल्या की माणसांनी पाडल्यात असं वाटावं. मी या सगळ्याची नोंद करतो. पण जुलैत मी सर्वांत बारकाईने पाहतो ती गोष्ट दुसरीच असते. जनावर इथे पडलं तर बाहेर कसं काढायचं?

फ्लॅट टॉप्सचा बराच भाग कायद्याने वाइल्डरनेस आहे. तिथे मोटार चालत नाही, सायकल चालत नाही, मांस ओढायची दोन चाकांची ढकलगाडीसुद्धा चालत नाही. पाठ किंवा घोडा, एवढंच. (या अटीवर कुरकुरणारे भेटतात. त्यांनी एकदा ट्रॅपर्स तलावाच्या काठी जाऊन बसावं. १९१९ मध्ये आर्थर कारहार्ट नावाच्या तरुण अधिकाऱ्याला वनखात्याने तिथे उन्हाळी बंगल्यांसाठी प्लॉट आखायला पाठवलं होतं. त्याने परत येऊन सांगितलं की इथे काहीही बांधू नये. म्हणून आज तिथे काठावर बंगल्यांची रांग नाही.) त्यात १९४० च्या दशकात किड्याने मारलेल्या स्प्रूसचे ओंडके अजूनही रानात आडवेतिडवे पडलेले आहेत. रिकाम्या हातांनी ते ओलांडताना धाप लागते. पाठीवर साठ पाउंड मांस घेऊन अंधारात ओलांडायचे म्हणजे पाय मोडून घेण्याचीच शक्यता जास्त. म्हणून नकाशावर मी कुरणांपेक्षा परतीच्या वाटा जास्त ठळक काढतो, आणि गाडीपासून तीन मैलांपलीकडे बार टाकत नाही. पलीकडे कितीही मोठा नर उभा असला तरी नाही. एका माणसाला मांस वेळेत बाहेर काढता येईल एवढंच माझं शिकारीचं क्षेत्र.

नेमाचंही तसंच. रेंजवर टेबलाला टेकून, वाळूच्या पिशवीवर रायफल ठेवून कुणीही सगळ्या गोळ्या जवळजवळ पाडतो. डोंगरात टेबल नसतं. मी ऑगस्टमध्ये जिने चढतो, धाप लागलेल्या अवस्थेत गुडघ्यावर बसतो आणि मग नेम धरतो. मांडी घालून, काठीचा आधार घेऊन, उतारावर तिरपं बसून. हे असं करता करता लक्षात आलं की माझी रायफल चारशे यार्डांवर मारते, पण मी अडीचशेपर्यंतच मारतो. तो आकडा मी स्वतःशी मान्य केला आणि पुन्हा कधी वाढवला नाही.

आता वारा. यावर मी तासभर बोलू शकतो.

एल्कची नजर चांगली असते, कान चांगले असतात, पण त्यांना फसवता येतं. काडी मोडल्याचा आवाज झाला तर ते मान वर करून बघतात, तुम्ही थिजलात तर पाच मिनिटांनी पुन्हा चरायला लागतात. नाकाला मात्र फसवता येत नाही. तुमच्या अंगाचा एक झोत पोचला की कळपातली म्हातारी मादी वळते आणि तिच्यामागे सगळा कळप उतारापलीकडे जातो. ते बघायला येत नाहीत, खात्री करून घेत नाहीत. जातात.

आणि डोंगरातला वारा हवामानाच्या अंदाजात सांगतात तो नसतो. पहाटे हवा गार आणि जड असते, ती पाण्यासारखी उतारावरून खाली वाहते. तेव्हा जनावराच्या खालच्या अंगाने जावं. मग ऊन उतारावर येतं, जमीन तापायला लागते आणि साधारण नऊ-दहाच्या सुमारास हवा उलटते, वर चढायला लागते. या उलटण्याच्या वेळेला अर्धा-पाऊण तास ती कुठेच धड जात नाही. घुटमळते, गोल फिरते, मागून येते. माझ्या सगळ्या फसलेल्या सकाळी याच वेळेतल्या आहेत. कळप दीडशे यार्डांवर असायचा, मी उतावीळ होऊन पुढे सरकायचो, आणि मानेच्या मागच्या बाजूला गार झुळूक लागायची. ती लागताच कळायचं की संपलं.

माझ्या खिशात पावडरची छोटी बाटली असते. दाबली की चिमूटभर पांढरा धूर निघतो आणि हवेत तरंगत जातो. तो कुठे जातो हे पाहत बसणं हा माझ्या सीझनमधला अतिशय आवडीचा वेळ आहे. कधी तो हळूच खाली उतरतो, झुडपाला वळसा घालतो, एका ओंडक्यावरून घसरतो आणि मग अचानक एका जागी थांबतो. थांबला की मी पण थांबतो. पाठ झाडाला टेकून, काहीही न करता, हवा मनाची तयारी करेपर्यंत बसून राहतो. पहिल्या दोन-तीन वर्षांत मला हे जमत नव्हतं. सुट्टीचे मोजके दिवस, त्यातला तास असा बसून घालवायचा म्हणजे जिवावर यायचं. आता वाटतं, दिवस वाया गेले ते त्या तासाला न बसल्यामुळे.

आकडे स्पष्ट सांगतो. कोलोराडोत रायफल घेऊन एल्कच्या मागे गेलेल्यांपैकी साधारण पाचातल्या एकाला जनावर मिळतं. उरलेले चार जण रिकाम्या हातांनी उतरतात. मी त्या चौघांत कितीतरी वेळा होतो.

त्यातली एक सकाळ अशी. नराचा टॅग होता. आमच्या भागात नियम आहे की नराच्या एका शिंगाला तरी चार टोकं हवीत, नाहीतर कपाळावरचं पुढचं टोक पाच इंच लांब हवं. तरुण नरांना एकदोन वर्षं जास्त मिळावीत म्हणून. सूर्योदयाच्या आधी अर्ध्या तासापासून गोळी मारता येते. उजेडायला लागलं होतं, दरीत धुकं होतं, आणि दोनशे यार्डांवर अॅस्पेनच्या कडेला एक नर उभा होता. अंग दिसत होतं. शिंगांचा बाक दिसत होता. टोकं मोजता येत नव्हती. दुर्बिणीतून तीन तर नक्की होती. चौथं टोक होतं की मागची फांदी? मी डोळे पुसले, काच पुसली, पुन्हा पाहिलं. त्याच्या नाकातून वाफ निघत होती, ती स्पष्ट दिसत होती. टोक दिसत नव्हतं. मी अंगठ्याने सेफ्टीला हातही लावला नाही. पाच-सहा मिनिटं तो उभा राहिला आणि मग धुक्यात आत गेला, आणि आत गेल्यावर एकदा शीळ घातल्यासारखा ओरडला. तो लांबलेला, वर चढत जाणारा आणि शेवटी घोगरा होणारा सूर माझ्यापासून दोनशे यार्डांवरून आला होता. त्या सीझनला मी पुन्हा नर पाहिला नाही. पण त्या वर्षी मी उजेडाशी घाई करायची सोडली.

बार झाल्यावर काय? बहुतेक लोक धावत सुटतात. मी घड्याळ लावून अर्धा तास बसतो. जनावर जागच्या जागी कोसळलं नसेल तर ते थोडं पळून दाट झाडीत जाऊन बसतं. मागे लागलं नाही तर ते तिथेच प्राण सोडतं, शांतपणे. मागे लागलं तर त्याच्या अंगात उरलंसुरलं बळ येतं आणि ते मैलभर जाऊ शकतं. अर्ध्या तासाने रक्त बघायचं. गुलाबी आणि फेसाळ असेल तर फुप्फुसाचं, जवळच सापडेल. काळपट असेल तर यकृताचं, अजून थांबायला हवं. हिरवट पाणी आणि गवताचे कण असतील तर पोटाला लागलंय, आणि तो दिवस मोठा आणि वाईट असणार आहे. मी खांद्यामागच्या फुप्फुसांशिवाय दुसरीकडे नेम धरत नाही, तो याचसाठी.

आणि मग काम. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात शेजारच्या त्या काकांनी मला हे शिकवलं, आधी कागदावर चित्रं काढून, मग ऑक्टोबरमध्ये त्यांच्या स्वतःच्या जनावरावर. टॅगवर सही आणि तारीख घालून तो लगेच लावायचा. जनावर कुशीवर घ्यायचं. पोट उघडायचंच नाही. पाठीच्या कण्यावरून मानेपासून शेपटीपर्यंत सरळ छेद, आणि तिथून कातडं खाली पोटाकडे सोलत न्यायचं. पुढचा पाय उचलला की चकित व्हायला होतं. त्याला धडाशी जोडणारं हाडच नाही, सांधाच नाही. फक्त स्नायूंनी तो बरगड्यांवर चिकटलेला असतो. काखेतून सुरी फिरवली की अख्खा पाय हातात येतो. मागच्या पायाला मात्र उखळीचा सांधा असतो. आतल्या बाजूने कापत गेलं की सुरीचं टोक खुब्याच्या गोल चकचकीत हाडाला लागतं, त्याभोवती फिरवायचं, आतली पांढरी दोरी कापली की टक् असा आवाज येतो आणि पाय सुटतो. मग कण्यालगतची लांब पट्टी, मानेचं मांस. दुसऱ्या कुशीवर उलटवून पुन्हा तेच. शेवटी बरगड्यांच्या मागून हात घालून कण्याखालचं अगदी मऊ मांस. चारही पाय, पाठीच्या पट्ट्या आणि ते आतलं मांस बाहेर आणणं कायद्याने बंधनकारकच आहे. नर की मादी हे ओळखू येईल असा भाग मांसाच्या एखाद्या मोठ्या तुकड्याला नैसर्गिकरीत्या जोडलेला ठेवावा लागतो.

काकांनी एक गोष्ट मात्र कायद्यापलीकडची शिकवली. मागची मांडी सुटली की ती पिशवीत घालायच्या आधी हाडापर्यंत लांब चीर द्यायची आणि पुस्तकासारखी उघडायची. हाडाची ऊब बाहेर निघाली पाहिजे. मग पातळ सुती पिशवीत घालून, सावलीच्या उतारावर, वारा लागेल अशी, एकमेकींना न चिकटवता टांगायची. “मांस थंडीने गार होत नाही,” ते म्हणाले होते, “हवेने होतं.” ते आता नाहीत. त्यांची हाडं कापायची छोटी करवत माझ्या पिशवीत असते.

डोकं तपासणीला द्यायचं राहू देऊ नये, विशेषतः मुलांना खायला घालणार असाल तर. हरणांच्या मेंदूचा एक असाध्य आजार आहे, क्रॉनिक वेस्टिंग डिसीज. पहिल्यांदा तो १९६७ मध्ये कोलोराडोतच, फोर्ट कॉलिन्सच्या संशोधन केंद्रातल्या हरणांत दिसला, आणि १९८१ मध्ये रानातल्या एल्कमध्ये सापडला. माणसाला झाल्याचं एकही उदाहरण आजवर सिद्ध झालेलं नाही, तरी बाधित जनावराचं मांस खाऊ नये असाच सल्ला आहे. अहवाल येईपर्यंत आमच्या घरी त्या मांसाचं पाकीट उघडत नाही.

गेल्या वर्षी टॅग माझ्या मुलीचा होता. पंधरा वर्षांची आहे. बाराव्या वर्षापासून इथे मोठ्या जनावरांची शिकार करता येते, पण तिने स्वतःहून तीन वर्षं नुसतं सोबत यायचं ठरवलं होतं. हंटर एज्युकेशनचं कार्ड तिच्याकडे होतं, रेंजवर ती माझ्यापेक्षा शांत असते, तरी ती म्हणायची, “अजून नाही, बाबा.” मी कधी आग्रह केला नाही.

दुसरा सीझन, मादीचा टॅग. दुसऱ्या संध्याकाळी सात माद्या कुरणात उतरल्या, एकशे ऐंशी यार्डांवर. केशरी जॅकेट घातलेली ती काठीवर रायफल टेकवून वीस मिनिटं बसली होती. एक मादी आडवी उभी राहिली, अगदी हवी तशी. मी कुजबुजलो, “तुझी तयारी असेल तर.” ती हलली नाही. “मागे दुसरी आहे,” ती म्हणाली. मी दुर्बीण लावली. खरंच, तिच्या पोटाखालून आणखी दोन पाय दिसत होते. गोळी पार गेली असती तर मागचीला लागली असती. मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. उजेड संपेपर्यंत त्या तशाच एकमेकींत मिसळून चरत राहिल्या आणि आम्ही तंबूत परतलो.

चौथ्या दिवशी बर्फ पडला, पाऊलभर. दुपारी चारच्या सुमारास स्प्रूसच्या कडेने एक मादी एकटीच आली. वारा आमच्या तोंडावर होता. बार झाला. मादी चाळीस पावलं गेली आणि बर्फात बसली, मग मान खाली टेकली. आम्ही अर्धा तास हललो नाही. मुलगी रडत होती, आवाज न करता. मी तिला काही सांगितलं नाही, पाठीवर हात ठेवला. जवळ गेल्यावर तिने हातमोजा काढून मादीच्या मानेवर हात ठेवला आणि बराच वेळ तो तिथेच ठेवला.

मग आम्ही कपाळाचे दिवे लावले. कातडं मी सोललं, पाय तिने धरले. खुब्याच्या सांध्यापाशी मी सुरी तिच्या हातात दिली. पहिल्यांदा जागा चुकली, मग सापडली, आणि टक् झालं. मांडी बर्फावर पसरलेल्या ताडपत्रीवर ठेवून तिने हाडापर्यंत चीर दिली. आतून वाफ आली, दिव्याच्या उजेडात पांढरी. ती म्हणाली, “केवढी गरम आहे.” मी म्हणालो, “हो.”

पहिली खेप घेऊन तळावर पोचलो तेव्हा साडेनऊ झाले होते, उरलेलं घेऊन परतलो तेव्हा रात्रीचा एक. दोन झाडांमध्ये दोर बांधून सहा पिशव्या टांगल्या. अंतर तिनेच मोजलं, दोन पिशव्यांमध्ये हात सहज फिरेल एवढं. मी झोपायला सांगितलं तर ती आत गेली. साडेतीनला मला जाग आली तेव्हा तिची स्लीपिंग बॅग रिकामी होती. तंबूची चेन उघडून पाहिलं. ती दिवा न लावता झाडाखाली उभी होती, एक पिशवी थोडी सैल करून, कोपरापर्यंत हात आत घातलेला.

“हाडापाशी बघतेय,” ती म्हणाली.

“मग?”

“अजून थोडी ऊब आहे. पाचला परत बघते.”

मी बूट घातले आणि तिच्याशेजारी जाऊन उभा राहिलो.